नऊ गुंजांचं माणिक

तसं पाहिलं तर गावात 'चोर' हा शब्द कोणीच उच्चारला नाही. सगळे नुसतं 'तीन गुंजा' म्हणत होते. पिठाच्या चक्कीवर तीन गुंजा, पानटपरीवर तीन गुंजा, हातपंपावर तीन गुंजा; आणि म्हणताना प्रत्येकाची मान थोडी भागिरथाबाईच्या घराकडे वळायची. मान वळवली म्हणून कोणावर खटला भरत नाहीत, हे लोकांना पक्कं ठाऊक असतं.

इंझोरीच्या रस्त्यावरून आत दोन किलोमीटर गेलं की हे गाव लागतं. गावाची देवी बोरजाई. देवी साधी, शेंदराची. देवळावरही परवापरवापर्यंत पत्रे होते, आता कुठे स्लॅब पडला. पण नवरात्रात तिच्या नाकात जी नथ चढते ती एखाद्या राणीनं पाहत राहावं अशी. त्या नथीत डाळिंबाच्या दाण्याएवढं एक माणिक आहे. ते कोणी दिलं याच्या गावात सात गोष्टी आहेत आणि सातही खोट्या असाव्यात.

ही नथ वर्षभर राहायची जानरावच्या, म्हणजे भागिरथाबाईच्या नवऱ्याच्या घरी. चार पिढ्या हाच रिवाज. कुलूप नाही, तिजोरी नाही. लाल फडक्यात बांधून ज्वारीच्या कोठीत तळाशी. घटस्थापनेच्या सकाळी त्या घरातल्या थोरल्या बाईनं अनवाणी देवळात जायचं आणि आपल्या हातानं देवीला नथ घालायची. गाव त्या घराला आडनावानं ओळखतच नव्हतं, 'नथवाले' म्हणायचं. जानराव जाऊन चार वर्षं झाली. आता कोठी भागिरथाबाईची आणि मानही तिचाच. वय शहात्तर. कंबर थोडी वाकलेली, जीभ अजिबात नाही.

यंदा भादव्यात नथीची एक कडी ढिली झाली आणि माणिक हलायला लागलं. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष विनोद म्हणाला, कारंज्याला नेऊन नीट करून आणतो, लगे हात सर्टिफिकेटही काढतो. विनोद वाईट माणूस नव्हता. त्याचं कृषी केंद्र होतं, बियाण्याच्या पिशवीवरची बारीक अक्षरंसुद्धा तो वाचायचा. त्याला कागद आवडायचे, एवढाच त्याचा आजार. कारंज्याच्या नव्या दुकानात उत्कर्ष नावाच्या तरुण सराफानं माणिक मोकळं करून मशीनवर ठेवलं. पाच पूर्णांक सत्तेचाळीस कॅरट. विनोदनं विचारलं, रत्तीत किती? उत्कर्षनं कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली आणि सांगितलं, सहा रत्ती.

घरी येऊन विनोदनं देवीच्या दागिन्यांची जुनी वही उघडली. सन अठ्ठावन्नच्या पानावर मोडीवळणाच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'माणिक नग एक. कारंजा सराफीत तोलिले. गुंजा नऊ.'

रत्ती म्हणजे गुंज आणि गुंज म्हणजे रत्ती, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत. तेव्हा मशीन म्हणतं सहा, वही म्हणते नऊ. माणिक बदललं गेलं असणार.

रविवारी सभामंडपात माणसं जमली. विनोदनं वहीचं पान आणि सर्टिफिकेट दोन्ही फिरवलं.

"काकू, मी कोनावर आळ घेऊन नाही राह्यलो," तो भागिरथाबाईकडे न बघता म्हणाला. "मी इतकंच म्हनतो, वहीत नऊ हाये अन् मशीनवर सहा हाये. तीन गुंजा गेल्या कुठी?"

"माणिक का गूळ हाये बापा, दमट हवेनं पाझराले?" भागिरथाबाई म्हणाली.

एरवी यावर सभा हसली असती. आज कोणी हसलं नाही. 

ठरलं असं की उलगडा होईपर्यंत नथ कमिटीकडे राहील, आणि उलगडा नाहीच झाला तर यंदा देवीला नथ कमिटीच्या हातानं लागेल. घटस्थापनेला बारा दिवस होते. भागिरथाबाई उठली, पदर झटकला आणि घरी आली. कर नाही त्याला डर कशाला, असं ती वाटेत स्वतःला दोनदा म्हणाली. पण ती म्हण ज्यानं काढली त्याला गाव नसावं.

खरा घाव तर घरी बसला. तिचा मुलगा भागवत चहाचा कप पुढ्यात घेऊन बसला होता. पन्नाशीचा बाप्या, दहा एकर वावर करणारा, पण आईपुढे बोलायचं तर आधी घसा साफ करणारा.

"माय, एक विचारू? रागावजो नको."

"विचार."

"पिंकीच्या लग्नाच्या सालात बाबा दोनदा अकोल्याले गेलते. कोनाले न सांगता. थे... थे कायले गेलते?"

भागिरथाबाईनं हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवली. पिंकी म्हणजे भागवतची बहीण, तिचं लग्न होऊन बावीस वर्षं झालेली. बावीस वर्षं या पोरानं ही गोष्ट मनात कुठे ठेवली होती?

"दाढ काढाले गेलते," ती म्हणाली. "दोन दाढा, दोन चकरा. लेकीच्या लग्नात बापाचं तोंड सुजलेलं दिसू नये म्हून लपून गेलते. झालं समाधान?"

"हाव," भागवत म्हणाला. पण त्याचं 'हाव' पोकळ होतं, आणि पोकळ काय नि भरीव काय हे भागिरथाबाईला कानानं कळायचं. तव्यावरची भाकरी करपली. गाव बोललं ते तिनं गिळलं असतं; गावाचं काय, आज बोलतं, उद्या विसरतं. पण आपल्या बापाच्या फोटोला रोज उदबत्ती लावणाऱ्या पोराच्या मनात शंकेचा दाणा पडला होता, आणि तो दाणा काढल्याशिवाय तिला आता अन्न गोड लागणार नव्हतं. त्याच क्षणी तिनं ठरवलं, हा हिशेब कोर्टकचेरीत नाही, तराजूत होईल.

आता हे तिनंच का ठरवावं, त्याला कारण होतं. भागिरथाबाईचं माहेर कारंज्याचं. तिची आई मनकर्णाबाई कारंज्याच्या सराफांसाठी गुंजा निवडायची. काळ्या तोंडाची ती लालभडक बी सगळ्यांनाच सारखी दिसते. सराफालाही सारखीच दिसायची. पण तराजूत टाकायची गुंज निवडलेली लागते, नाही तर गिऱ्हाईक तरी बुडतं नाही तर सराफ. शिमगा झाला की मनकर्णाबाईच्या ओसरीवर टोपलीभर गुंजा यायच्या आणि महिनाभरानं त्यातल्या ओंजळभर परत जायच्या. त्या ओंजळीवर साऱ्या बाजाराचं सोनं तोललं जायचं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे भागिरथा पाढ्यांच्या आधी शिकली होती. पुढे ग्रॅम आले, पितळी वजनं आली, आणि मनकर्णाबाईची टोपली रिकामी राहायला लागली. अठ्ठावन्न साली मात्र त्या गल्लीत गुंजा निवडणारी ती एकटीच होती. म्हणजे वहीतला तो नऊ आकडा लिहिला दुसऱ्या कोणी असेल, पण तो होता तिच्या आईच्या बोटांचा.

मंगळवारी भागिरथाबाई नातीला, वैष्णवीला घेऊन एसटीनं कारंज्याला गेली. वैष्णवी तिथल्याच कॉलेजात बीएस्सीला होती. तिनं रात्रीच मोबाइलवर शोधून ठेवलं होतं.

"आजी, एका ठिकानी रत्ती एकशे एकवीस मिलिग्रॅम देली हाये, एका ठिकानी एकशे ब्याऐंशी. तिसऱ्या ठिकानी आनखी कायतरी."

"म्हनजे तुह्या मोबाइलले तीन माया हायेत," आजी म्हणाली.

उत्कर्षचं दुकान काचेचं, आत गार हवा. पोरगा सभ्य निघाला. पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि आपण सांगितलेल्या आकड्यानं एका म्हातारीच्या घरात काय झालं हे ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"आजी, मी बरोबरच सांगितलं हो. मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन बोलतच नाही, बापा. बोलता तुमी. मले सांग, हे कॅरट कायचं माप हाये?"

"एक कॅरट म्हणजे दोनशे मिलिग्रॅम. सगळ्या जगात तेच."

"हाव, पन थे आलं कुठून?"

उत्कर्षला हा प्रश्न रत्नपारखीच्या कोर्सच्या परीक्षेनंतर कोणी विचारला नव्हता. तो खुलला. "भूमध्य समुद्राच्या काठाला कॅरोब नावाचं झाड असतं, आजी. चिंचेसारख्या शेंगा येतात त्याला. त्या शेंगांतल्या बियांनी तिकडचे जुने व्यापारी मोती, हिरे तोलायचे. त्या बीच्या नावावरून कॅरट. दोनशे मिलिग्रॅम तर शंभरएक वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून ठरवलं."

भागिरथाबाई खुर्चीत पुढे सरकली. "म्हनजे थेही बीच."

"हो. बीच."

"झाडाची."

"झाडाची."

मग ती अशी हसली की बाहेरच्या पायरीवर बसलेला कुत्रा उठून उभा राहिला. "पाह्य वैष्णवी! ज्या मशीनीच्या जोरावर आपल्याले चोर केलं, तिची माय कोन? बी! अरे, तिकडंही एखादी मनकर्णा बसली असन शेंगा फोडत. एक ठेवत असन, दहा फेकत असन. आपलंच काम हाये हे सारं!" तिचे डोळे ओले झाले होते आणि ते तिनं लपवले नाहीत. समुद्रापलीकडच्या त्या न पाहिलेल्या बाईबद्दल तिला सख्ख्या बहिणीसारखी माया वाटली. आपली आई काही खेड्यातलं अडाणी काम करत नव्हती; सगळ्या जगाचं मोती-माणिक जिच्या भरवशावर तोललं गेलं त्या जातीचं काम ती करत होती. अभिमानानं तिचा ऊर भरून आला.

"अन् तुमची रत्ती म्हनजे कोनती गुंज?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"रत्ती म्हणजे एकशे ब्याऐंशी मिलिग्रॅम. खड्यांच्या बाजारात हीच चालते. ज्योतिषी सांगतात ना, सव्वापाच रत्तीचा पुष्कराज घाला, ती."

"एक गुंज आन बरं इकडं, पाहू."

उत्कर्षनं ड्रॉवर उघडून पाहिला. दुकानात गुंज नव्हती. सराफाच्या घरी गुंज नाही! भागिरथाबाईनं कपाळाला हात लावला, कंबरेची चंची सोडली आणि तिच्या वेगळ्या कप्प्यात जपलेली एक गुंज काढून काउंटरवर ठेवली. "ठेव तुह्या मशीनीवर."

शून्य पूर्णांक एकसष्ट कॅरट. उत्कर्षनं कॅल्क्युलेटर उचलला, नवानं गुणलं, आणि आलेल्या पाच पूर्णांक एकोणपन्नासकडे बघत खुर्चीत बसला. "आजी... बाजारातली रत्ती गुंजेच्या दीडपट झाली आहे. कधी झाली, कोणी केली, मलाही माहीत नाही. आम्ही चार्ट पाठ करतो. मी लगेच लिहून देतो तुम्हाला."

"कागदानंच तर चोर केलं, बापा. आता कागदानं साव नाही व्हाचं मले. अन् एका बीचा काय भरवसा? दुसरी बी दुसरं सांगन." तिनं भिंतीवरच्या कपाटाकडे बोट केलं. काचेआड शोभेला ठेवलेला एक जुना तराजू होता. लाकडी पेटी, दोन पितळी पारडी. "थो कोनाचा?"

"आजोबांचा."

"रविवारी घेऊन ये गावात."

येताना एसटीत वैष्णवी खुशीत होती, पण भागिरथाबाई खिडकीबाहेर पाहत बसली. आईचा डोळा वेगळा होता. आपल्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, गुंजा निवडून साठ वर्षं होत आली. नऊच्या जागी साडेआठ भरल्या तर? साडेनऊ भरल्या तर? मग आई खोटी, नवरा खोटा आणि आपण खोट्या. ती भ्याली होती, आणि भीतीवर तिच्याजवळ एकच औषध होतं. मान आणखी ताठ करायची.

तिनं गावाला निरोप दिला: ज्याच्या त्याच्या घरी असतील तेवढ्या गुंजा रविवारी देवळात आणा. माह्या घरची एकही घेनार नाही.

रविवारी सकाळी सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांनी वाट्यांतून, डब्यांतून गुंजा आणल्या. कोणी पोळ्याच्या बैलाच्या माळा तोडून आणल्या, तर कोणी पोरांच्या खेळण्यांतून काढून. भागिरथाबाई आधी लहान पोरांवरच खेकसली, "तोंडात टाकजान नको रे, जहर अस्ते!" मधे सतरंजीवर उत्कर्षनं आजोबांचा तराजू मांडला. पारडी रुपयाएवढी. विनोदनं कमिटीच्या डबीतून माणिक काढून एका पारड्यात ठेवलं.

तेवढ्यात जगदेव पुढे आला. प्रत्येक गावात एक जण असतो ज्याला वाट पाहवत नाही. इथे तो जगदेव होता. धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या वेलाच्या गुंजा त्यानं सकाळीच खिसा भरून आणल्या होत्या, पावसात भिजलेल्या, टच्च फुगलेल्या. "हे घ्या ताज्या!" म्हणत त्यानं एकेक टाकायला सुरुवात केली. सातला पारडं वर, आठला धाडकन खाली. दुसऱ्या खिशातल्या टाकल्या, त्या किडक्या, पोकळ. अकरा टाकल्या तेव्हा कुठे काटा जागेवर आला. लोक हसायला लागले.

विनोदनं हात वर केला. "काकू, पाह्यलं? एका खिशात साडेसात, दुसऱ्यात अकरा. हे मापच कच्चं हाये. याच्यावर कोन भरवसा ठेवन?"

सभेत कुजबुज उठली, आणि ती विनोदच्या बाजूची होती. भागवत खांबाला टेकून खाली पाहत होता.

"हाव, कच्चंच हाये," भागिरथाबाई म्हणाली. "ज्वारीही कच्चीच अस्ते बापा. तिची भाकर कराव लागते."

ती मांडी घालून बसली, आणि पुढचे तीन तास त्या सभामंडपात जे झालं ते गावानं कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या घरच्या गुंजा तिनं एका परातीत ओतल्या. आधी पांढऱ्या काढल्या. मग परातीत पाणी सोडलं. तरंगल्या त्या फेकल्या. उरलेल्या उन्हात पसरून, फडक्यानं कोरड्या करून पुन्हा पुढ्यात घेतल्या. मग एकेक बी अंगठा आणि तर्जनीत फिरवायची. डोळे मिटून. सुरकुतलेली गेली, एका बाजूनं चपटी गेली, काळं तोंड वाजवीपेक्षा मोठं असलेली गेली. बोटं आधी अडखळत होती. मग दहा-वीस बियांनंतर काय झालं कोण जाणे, ती पळायला लागली. आईच्या ओसरीवरची ती दुपार बोटांनी जशीच्या तशी ठेवली होती. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी बोटांचं कोणी केलं नव्हतं.

"काहून फेकली थे?" जगदेवनं विचारलं. "चांगली तं होती."

"तुह्यासारखी होती. वरतून बरी."

आता मात्र सभा हसली. परातीत हजारभर गुंजा होत्या, त्यातल्या चाळीसच उरल्या. मग शेवटची परीक्षा. या पारड्यात एक, त्या पारड्यात एक. सुई हलली तर दोन्ही बाद. न हललेल्या जोड्या वेगळ्या ठेवायच्या, आणि मग एका जोडीतली बी दुसऱ्या जोडीतल्या बीशी लावून पाहायची. उत्कर्ष हे सगळं मोबाइलवर टिपत होता. थोड्या वेळानं त्यानं मोबाइल ठेवून दिला आणि नुसता बघत बसला. दुपारचे बारा वाजून गेले. स्वयंपाकाची आठवण कोणाला झाली नाही. शेवटी फडक्यावर बारा गुंजा उरल्या, एकीसारखी दुसरी.

"आता माणिक ठेवा," भागिरथाबाई म्हणाली आणि मागे सरकली. "मी हात लावनार नाही. लोक म्हनतीन, बुढीनं बोटानं पारडं दाबलं. भागवत, इकडं ये. तू टाक."

भागवत आला. त्याचे हात मोठे, वावरात डवरा धरून घट्टे पडलेले. त्या हातात गुंज दिसेनाशी होत होती. त्यानं पहिली टाकली. दुसरी. तिसरी. माणसं मनातल्या मनात मोजत होती आणि ओठ हलत होते.

सहावी टाकली. माणिकाचं पारडं जमिनीला टेकलेलं होतं ते तसंच. विनोद पुढे झुकला. मशीनचा आकडा गाठून झाला होता आणि माणिकानं अजून अंगही हलवलं नव्हतं.

सातवी. आठवी. सुई थरथरली. आठ म्हणजे मासा भरला.  भागिरथाबाईला आता ना गाव दिसत होतं ना देवी, फक्त पोराची दोन बोटं आणि त्यांतली एक लाल बी.

भागवतनं नववी टाकली.

माणिक उचललं गेलं. दोन्ही पारडी एकदा वर-खाली झाली, पुन्हा झाली, आणि सुई मधोमध येऊन अशी उभी राहिली की जणू कोणी तिला तिथेच गाडलं होतं.  उत्कर्षनं वाकून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग त्याच नऊ गुंजा त्यानं सोबत आणलेल्या छोट्या मशीनवर ओतल्या आणि मशीन विनोदपुढे धरलं. पाच पूर्णांक शेहेचाळीस, सत्तेचाळीस, शेहेचाळीस. शेवटचा आकडा दोन घरांत ये-जा करत होता. विनोदनं खिशातलं सर्टिफिकेट उघडलं आणि पुन्हा घडी केली.

"किती झाल्या रे?" भागिरथाबाईनं विचारलं.

"नऊ, माय," भागवत म्हणाला. 

"मले काय सांगतं? मले ठाऊक हाये. यायले सांग."

भागवत उठून उभा राहिला. गावाकडे तोंड केलं आणि घसा साफ न करता मोठ्यानं म्हणाला, "नऊ! माह्या बापानं नऊ ठेवल्या होत्या, नऊच हायेत!" आणि पन्नाशीचा तो माणूस सगळ्या गावादेखत रडला. बायकांनी पदर डोळ्याला लावले. माणसांनी टाळ्या वाजवल्या. जगदेवनं सगळ्यात जास्त. भागिरथाबाई मात्र ताठ बसून होती. कारंज्यातल्या एका बाईनं सहासष्ट वर्षांपूर्वी निवडलेली बी आणि आज आपण निवडलेली बी यांत केसाचाही फरक पडला नव्हता. मधे आणे गेले, तोळे-मासे गेले. आपण दोघी राहिलो, असं तिला वाटलं, आणि तिला स्वतःचा एवढा अभिमान वाटला की देवीसमोर थोडी लाजही वाटली.

विनोद हात जोडून पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर नाटक नव्हतं. "काकू, चुकलं माह्यं. मी रत्ती म्हनजे रत्ती समजलो."

"तुह्यं नाही चुकलं. तू इचारलं, हे बरं केलं. देवीची वस्तू हाये, इचारलंच पाह्यजे. पन सभेत इचाराच्या पयले घरी येऊन चहा प्याचा होता."

विनोदनं मान खाली घातली. माणिक आणि नथ दोन्ही डबीत ठेवून त्यानं डबी तिच्यापुढे धरली. "कडी उत्कर्षभाऊ इथीच बसवून देते. आता हे तुमच्या कोठीत, काकू. अन् घट बसतीन तवा तुमच्याच हातानं."

भागिरथाबाईनं डबी घेतली नाही. "घालनं माह्या हातानं. ठेवनं त्याच्या," ती भागवतकडे बोट करून म्हणाली. "आजपासून कोठी त्याची."

भागवतनं दोन पावलं मागे घेतली. "माय, मले नको. मी तं... माह्याच मनात..."

"मले माहीत हाये तुह्या मनात काय होतं. म्हूनच तुले देऊन राह्यली." तिचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. "आज मी होती म्हून निभलं, बापा. उद्या तुह्याकडं कोनी मान वळवली तं मी नसन. बस इथी."

गाव घराकडे निघालं होतं. बायका आपापल्या रिकाम्या वाट्या शोधत होत्या, पोरं फेकलेल्या गुंजा वेचत होती आणि वैष्णवी त्यांच्यावर ओरडत होती. भागवतनं डबी मांडीवर घेतली आणि परातीपुढे बसला. त्यानं डोळे मिटले, आईनं केलं होतं तसंच, आणि अंगठा-तर्जनीत एक बी धरून फिरवायला लागला. बराच वेळ फिरवली. मग मोठ्या खात्रीनं ती फडक्यावर ठेवली.

भागिरथाबाईनं ती उचलली, एकदाच चोळली आणि पोरांकडे फेकून दिली.

"हे नाही," ती म्हणाली. "दुसरी घे."